नागपूरचे महापौर विधिमंडळात गेले, पुढं महापौराच्या खुर्चीचं काय झालं?

वर्धारोडवाला
महापालिकेच्या सभागृहातून थेट विधिमंडळात पोचलेल्या नागपूरच्या महापौरांची यादी काढायला बसलो आणि ती वाटली होती त्यापेक्षा लांब निघाली. बॅरिस्टर शेषराव वानखेडे. देवेंद्र फडणवीस. विकास ठाकरे. अनिल सोले. प्रवीण दटके. संदीप जोशी. एकजण विधानसभेचा अध्यक्ष झाला, एकजण तीनदा मुख्यमंत्री. आणखी असतील तर जोडा.

माझा प्रश्न एवढाच. महापौर असण्याचा पुढं आमदारकीत खरंच उपयोग होतो का? की महापौरपद म्हणजे लाल दिव्याची गाडी (तीही आता गेली), मानपत्रं, पाहुण्यांना संत्र्याची टोपली आणि फोटो? राजकारणावर भांडू नका, भांडायचंच असेल तर मुद्द्यावर भांडा. आपल्या शहराच्या बाबतीत हे कसं घडत गेलं ते जुन्या लोकांकडून ऐकायचं आहे.

तर्रीवाला
राजेहो, मुद्द्यावर भांडा म्हणे! नागपुरात मुद्द्यावर कोण भांडते? पहिले पार्टी विचारतात, मंग आडनाव, मंग मुद्दा.

बरं, मी सांगून राहिलो. उपयोग होते. महापौर झाला का माणसाचा चेहरा पारडीपासून वाडीपर्यंत सगळ्यायले माहीत होते. नगरसेवकाले त्याचा वॉर्ड ओळखते, वॉर्डाच्या बाहेर तो कोणाचाच कोणी नाही. अडीच वर्षं रोज पेपरात फोटो, याच्यापेक्षा सस्ता प्रचार कुठं भेटते सांगा मले.

जुना_महालकर
तर्रीवाले भाऊ, चेहरा माहीत होतो हे खरं. पण चेहऱ्यावर मतं मिळतातच असं नाही. सरदार अटलबहादूर सिंग यांच्याएवढा ओळखीचा चेहरा नागपुरात त्या काळी दुसरा नव्हता. महापौर राहिलेले, सर्व पक्षांत मित्र, कोणाच्याही लग्नाला, मयतीला हजर. 2004 साली भाजपनं त्यांना लोकसभेला उभं केलं, समोर विलास मुत्तेमवार. पडले. महापौर म्हणून आवडणं वेगळं, मोठ्या निवडणुकीत मत देणं वेगळं.

मी महापालिकेच्या लेखा विभागातून निवृत्त झालो. त्यामुळं कोणाच्या बाजूनं लिहितोय असं कोणी समजू नये. आम्ही सगळ्यांच्या नस्त्या (फायली) सारख्याच रखडवल्या.

वर्धारोडवाले साहेबांच्या यादीतलं पहिलं नाव लोक विसरतात म्हणून तिथूनच सुरू करतो. नागपूर महापालिका 2 मार्च 1951 ला अस्तित्वात आली. त्याआधी 1864 पासून नगरपालिका होती. तेव्हा नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी, आपला कायदाही स्वतंत्र, 1948 चा सिटी ऑफ नागपूर कॉर्पोरेशन ॲक्ट. शेषराव वानखेडे त्या सुरुवातीच्या काळातले महापौर. पुढं आमदार झाले ते कळमेश्वरमधून, शहरातून नाही. राज्याचं अर्थखातं सांभाळलं. 1972 ते 1977 विधानसभेचे अध्यक्ष. आज मुंबईत कोणालाही विचारा, वानखेडे म्हटलं की स्टेडियम. ते नाव नागपूरच्या महापौराचं आहे हे इथल्याही पोरांना सांगावं लागतं.

पुणेकर_पाहुणा
हे मला खरंच ठाऊक नव्हतं. मी समजत होतो वानखेडे कुणीतरी क्रिकेटपटू असणार. नागपूरच्या माणसाचं स्टेडियम मुंबईत कसं काय?

जुना_महालकर
ते विधानसभेचे अध्यक्ष होते आणि मुंबई क्रिकेट असोसिएशनचेही अध्यक्ष होते. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचं. सामन्याची तिकिटं कोणाला किती, यावरून क्लब आणि असोसिएशन यांची कायम धुसफूस. शेवटी वानखेड्यांनी आपलं वेगळं मैदान बांधायचं ठरवलं. ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर जागा मिळवली आणि 1975 च्या जानेवारीत वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी तिथं खेळवली सुद्धा. पुढं 1980 ते 1983 ते क्रिकेट बोर्डाचे अध्यक्ष होते.

महापालिकेत शिकलेला माणूस जागा, मंजुरी, कंत्राट, मुदत या चार गोष्टींना घाबरत नाही. मला वाटतं तो गुण इथलाच. अर्थात हे माझं मत.

मानकापूरकर
काका, तुमच्या त्या चार गोष्टी पटल्या. पण मी धाग्याची गाडी जरा आमच्या पश्चिम नागपूरकडं वळवतो, कारण फडणवीसांवर शंभर धागे आधीच आहेत.

विकासभाऊ ठाकरे काँग्रेसच्या सत्तेत महापौर होते. 2002 ला काँग्रेसकडं महापालिका आली त्या टर्ममधले. महापौर झाले म्हणून लगेच आमदारकी मिळाली का? अजिबात नाही. 2009 ला दक्षिण-पश्चिममधून लढले, समोर देवेंद्र फडणवीस. म्हणजे माजी महापौर विरुद्ध माजी महापौर. पडले. 2014 ला पश्चिममधून लढले, सुधाकर देशमुखांकडून पडले. 2019 ला त्याच देशमुखांना हरवून आमदार झाले. 2024 ला लोकसभेला गडकरींसमोर उभे राहिले, ती जागा कोणालाही अवघडच होती, पण त्याच वर्षी विधानसभेला पश्चिम परत राखलं. जिंकले दोन्ही वेळा थोडक्यातच.

मधल्या सगळ्या वर्षांत माणूस महापालिकेतच होता. विरोधी पक्षनेता म्हणून सभागृहात उभं राहून भांडायचा. तर तर्रीवाले भाऊ, महापौरपदाचा चेहरा नाही, विरोधी बाकावरची वर्षं कामाला आली असं माझं म्हणणं आहे.

तर्रीवाला
हाव ना बाप्पा, मानलं. दोनदा पडून तिसऱ्यांदा निवडून येणं म्हणजे जिगर पायजे.

बर्डीची_वकील
विषय चांगला चालला आहे, फक्त मुळातला एक मुद्दा अजून आलेला नाही म्हणून लिहिते. महापौराला अधिकार काय असतात हे आधी बघायला हवं, मग तो अनुभव आमदारकीत किती उपयोगी ते ठरवता येईल.

आपल्याकडं महापालिकेचे कार्यकारी अधिकार आयुक्ताकडं असतात. आयुक्त राज्य सरकारचा माणूस. महापौर आमसभेचा अध्यक्ष: विषय पुकारायचा, चर्चा घडवायची, रूलिंग द्यायचं, मतं समान पडली तर निर्णायक मत द्यायचं. पैशाच्या मंजुऱ्या स्थायी समितीकडं. म्हणून जुने नगरसेवक महापौरपदापेक्षा स्थायी समिती सभापतिपदासाठी जास्त धडपडतात, आणि ते काही गुपित नाही. त्यातून आमसभेनं एखादा ठराव केला आणि आयुक्तांना पटला नाही तर तो राज्य सरकारकडं जातो, सरकार तो विखंडित करू शकतं. म्हणजे नागपूरच्या दीडशे नगरसेवकांनी एकमतानं केलेला ठराव मंत्रालयातल्या एका सहीनं मरतो.

74 वी घटनादुरुस्ती 1992 ची. तिनं बाराव्या अनुसूचीत 18 विषय शहरांना द्यायचे म्हणून लिहिले. कागदावर दिले. अधिकारांची किल्ली राज्यानं आपल्याच कनवटीला ठेवली.

आता लक्षात घ्या, या सगळ्याला एक अपवाद होऊन गेला आणि तो नागपुरातच होऊन गेला. 1998 ला युती सरकारनं मेयर-इन-कौन्सिल पद्धत आणली, फक्त मुंबई आणि नागपूर या दोन महापालिकांत. कार्यकारी अधिकार महापौर आणि त्याच्या मंडळाकडं, एखाद्या छोट्या मंत्रिमंडळासारखे. त्या वेळी नागपूरचे महापौर देवेंद्र फडणवीस. साधारण वर्षभरात ती पद्धत गुंडाळली गेली.

म्हणजे खरे अधिकार हातात असलेला महापौर कसा असतो हे राज्यात ज्या अगदी मोजक्या लोकांनी आतून पाहिलं, त्यांपैकी एक पुढं मुख्यमंत्री झाला. या धाग्याचा खरा प्रश्न मला तिथं दिसतो: त्यानं पुढच्या महापौरांना ते अधिकार परत दिले का?

वर्धारोडवाला
वकीलताई, हे मेयर-इन-कौन्सिल मी नुसतं नावानं ऐकलं होतं. काका, तुम्ही तेव्हा नोकरीत होता ना? आतून कसं वाटायचं?

जुना_महालकर
होतो. आमच्या लेखी फरक असा पडला की नस्ती जिन्यानं वर जायची ती दुसऱ्या दालनात जायला लागली.

एरवीचं चित्र सांगतो. महालच्या टाऊन हॉलमध्ये आमसभा. उंचावर महापौर, बाजूला आयुक्त, खाली सत्तापक्ष नेता आणि विरोधी पक्षनेता समोरासमोर. विषयपत्रिका दोन दिवस आधी घरपोच जायची, तरी निम्मे सदस्य सभागृहात येऊन पाकीट फोडायचे. पाण्यावर ओरडा झाला, कचऱ्यावर ओरडा झाला, कोणी रिकामी घागर घेऊन मधोमध बसलं, की महापौर घंटी वाजवून रूलिंग देणार: प्रशासनानं पंधरा दिवसांत अहवाल सादर करावा. आम्ही ते इतिवृत्तात लिहायचो. पंधरा दिवसांनी अहवाल येत नसे. पुढच्या सभेत तोच सदस्य, तीच घागर, तेच रूलिंग. अंदाजपत्रकाचंही तसंच. आयुक्त आपला आकडा देणार, स्थायी समिती सभापती तो फुगवून आमसभेत मांडणार, टाळ्या होणार, आणि वर्षअखेरीला वसुली आयुक्तांच्या आकड्याच्याही खाली.

मेयर-इन-कौन्सिलमध्ये निदान कोणाला धरायचं ते कळत होतं. नस्ती अडली तर ती महापौराच्या दालनात अडली, असं आम्ही बोट दाखवू शकत होतो. अधिकारी वर्गाला ते आवडलं नव्हतं. नगरसेवकांतही ज्यांना मंडळात जागा नव्हती त्यांना आवडलं नव्हतं. मग ती पद्धत टिकणार कशी?

वकीलताईंनी विचारलेल्याचं उत्तर कोणीतरी दुसऱ्यानं द्यावं.

धरमपेठी
मी देतो. फडणवीसांचा मतदार आहे, आधीच सांगून टाकतो.

1992 ला रामनगर वॉर्डातून नगरसेवक झाले तेव्हा नुकतंच लॉ कॉलेज संपवलेलं. 1997 ला महापौर, वय 27. घरात राजकारण होतं हे खरं, वडील गंगाधरराव विधान परिषदेत होते, काकू शोभाताई युती सरकारात मंत्री. पण 1999 ला पश्चिममधून विधानसभेत गेल्यावर पोरगा अर्थसंकल्पावर बोलायला उभा राहिला की समोरचे ऐकायचे, ते काही घरच्या नावावर नव्हतं. अर्थसंकल्पाचे आकडे फोडून सांगायची सवय महापालिकेतून आली असं मला कायम वाटतं. महापालिकेत पैसा थोडा असतो, कुठून कुठं वळवला ते लगेच दिसतं. तिथं हात बसला की राज्याचं पुस्तक वाचता येतं. 2004 ला तर काँग्रेसचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष रणजित देशमुख समोर होते, त्यांना हरवलं.

मुख्यमंत्री असताना नासुप्र बरखास्त करायचा निर्णय घेतला, तो नागपूरचा जुना दुखरा विषय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नागपूर सुधार प्रन्यास 1936 च्या कायद्याची, महापालिकेपेक्षाही जुनी. एकाच शहरात दोन संस्था. लेआउट एकीचं, गडर लाइन (गटाराची) दुसरीची, नकाशा मंजूर करायला कोणाकडं जायचं यातच माणसाचे केस पांढरे. महापौर राहिलेल्या माणसालाच त्याचा त्रास कळतो. पुढं सरकार बदललं, निर्णय फिरला, नासुप्र परत जिवंत झाली. त्याला ते काय करणार?

मानकापूरकर
धरमपेठी साहेब, छान लिहिलं, पण वकीलताईंचा प्रश्न तसाच राहिला. 2014 ते 2019 पूर्ण पाच वर्षं मुख्यमंत्री. वसंतराव नाईकांनंतर सलग पाच वर्षं पुरी करणारे तेच. त्या काळात नगराध्यक्ष थेट जनतेतून आणले, सरपंच थेट जनतेतून आणले. महापौर? महापौर नगरसेवकांतूनच, आरक्षणाच्या चिठ्ठीनं, अडीच वर्षांसाठी. वरून 2017 ला चार सदस्यांचा प्रभाग. एका प्रभागात चार नगरसेवक, गडर तुंबली की चौघंही एकमेकांकडं बोट दाखवणार.

कळमेश्वरच्या, काटोलच्या माणसाला आपला नगराध्यक्ष निवडता येतो आणि पंचवीस-तीस लाखांच्या नागपूरच्या माणसाला महापौर निवडता येत नाही. ज्या माणसानं ही खुर्ची स्वतः भोगली त्यानंच हे केलं नाही, तर दुसरा कोण करणार?

आणि हे फक्त भाजपला नाही. आमच्या काँग्रेसवाल्यांनीही सत्तेत असताना केलं नाही. महाविकास आघाडीनं तर नगराध्यक्षाची थेट निवडही काढून टाकली होती.

बर्डीची_वकील
मानकापूरकर, शेवटच्या ओळीसाठी धन्यवाद, नाहीतर धागा कुठं गेला असता ते दिसत होतं.

कारण साधं आहे. थेट निवडून आलेला, कार्यकारी अधिकार असलेला नागपूरचा महापौर म्हणजे सहा आमदारांपेक्षा मोठा माणूस. शहरात पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण, मध्य आणि दक्षिण-पश्चिम असे सहा मतदारसंघ. एकेका आमदाराला एकेक तुकडा, महापौराला अख्खं शहर. आपल्या डोक्यावर असा माणूस कोणता आमदार बसवून घेईल? जो काल महापौर होता तो आज आमदार झाला की त्याचं हित फिरतं. यात व्यक्ती वाईट आहे असं मी म्हणत नाही, खुर्ची बदलली की हिशेब बदलतो.

अधिकार नसलेल्या महापौराचं काय होतं ते 2020 मध्ये सगळ्यांनी पाहिलं. संदीप जोशी महापौर, तुकाराम मुंढे आयुक्त. जूनमधली सुरेश भट सभागृहातली आमसभा आठवा, आयुक्त सभा सोडून निघून गेले. स्मार्ट सिटी कंपनीच्या कारभारावरून महापौरांना आयुक्तांविरुद्ध पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी लागली. कोण बरोबर, कोण चूक यात मी जात नाही, अर्धं शहर मुंढेंच्या बाजूनं होतं. पण शहराच्या पहिल्या नागरिकाला आपल्याच आयुक्तांविरुद्ध पोलिसांत जावं लागतं, यातच पद काय आहे ते आलं.

धरमपेठी
मुंढेंचा विषय काढू नका ताई, धागा बंद करावा लागेल.

चालक
सूचना: त्या विषयावर वेगळा धागा आहे आणि तो कुलूपबंद आहे. पुढं जा.

तर्रीवाला
कुलूपबंद धाग्याची चाबी आयुक्ताकडं हाय का महापौराकडं?

वर्धारोडवाला
हसून हसून पुरे झालं.

जोशींचा प्रवास मात्र या धाग्यासाठी महत्त्वाचा आहे. विधान परिषदेच्या नागपूर पदवीधर मतदारसंघाचा इतिहास बघा. गंगाधरराव फडणवीस, मग 1989 पासून नितीन गडकरी. 2014 ला गडकरी लोकसभेत गेले, पोटनिवडणूक लागली, तेव्हाचे महापौर अनिल सोले उभे राहिले आणि आले. 2020 ला सोलेंचं तिकीट कापून तेव्हाचे महापौर संदीप जोशी यांना दिलं, आणि ते काँग्रेसच्या अभिजित वंजारींकडून पडले. तोच पक्ष, तोच मतदारसंघ, दोन्ही वेळा खुर्चीवर असलेला महापौर, निकाल उलटे. जोशी शेवटी 2025 मध्ये विधान परिषदेत गेले. दटकेंनी उलटा रस्ता धरला: महापौर 2014 ते 2017, विधान परिषद 2020 ला बिनविरोध, आणि मग 2024 ला मध्य नागपुरातून थेट जनतेतून.

प्राजक्ता_खामला
सगळी यादी वाचली. शेषरावांपासून दटकेंपर्यंत एक बाई दिसते का कोणाला?

अर्चना डेहनकर महापौर होत्या. नंदा जिचकार महापौर होत्या. विधानसभेत कोण पोचलं? महापौरपदाला आरक्षण आहे, चिठ्ठी निघाली की बाई महापौर. स्थानिक संस्थांत 50 टक्के जागा बायकांना, 2011 पासून. त्यामुळं सभागृहात बायका भरपूर असतात, समित्यांवर असतात, त्यातल्या कितीतरी कामाच्या असतात. आमच्या भागातली नगरसेविका पहाटे पाण्याच्या टाकीवर जाऊन व्हॉल्व्हमनला उठवायची, हे मी स्वतः पाहिलं आहे. पण विधानसभेचं तिकीट वाटायची वेळ आली की चिठ्ठी नसते. तिथं निवडून यायची क्षमता बघतात म्हणे. आणि महापौर म्हणून तिची अडीच वर्षं त्या क्षमतेत धरत नाहीत, पुरुषाची धरतात.

विधानसभेतल्या महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती 2023 ला झाली. तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. मतदारसंघांची पुनर्रचना होईल तेव्हा ते लागू होईल असं त्यातच लिहिलं आहे.

मानकापूरकर
प्राजक्ताताई, यावर उत्तर नाही. खरंच नाही.

बर्डीची_वकील
+1. आणि आरक्षणात आणखी एक खोच आहे. अडीच वर्षांनी आरक्षण फिरतं, त्यामुळं चांगलं काम केलेली बाई पुढच्या वेळी त्याच पदावर दावा सांगू शकत नाही. पुरुष महापौर वरच्या निवडणुकीकडं सरकतो. बाई घरी जाते, नाहीतर संघटनेत उपाध्यक्ष होते.

अंबाझरीकाठी
उशिरा येतोय. सगळे महापौरांबद्दल बोलताहेत, पण जवळपास चार वर्षं नागपूरला महापौरच नव्हता, त्यावर कोणी लिहिलं नाही.

मार्च 2022 ला मुदत संपली, प्रशासक आला, निवडणूक लांबत गेली. 22-23 सप्टेंबर 2023 ची रात्र आठवते ना? काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरीचा ओव्हरफ्लो, नाग नदी रस्त्यावर. आमच्या तळमजल्यावर कंबरेएवढं पाणी. फ्रीज आडवा होऊन तरंगत स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आला. पहाटे पाणी उतरलं तर सोफ्यावर, देवघरात, मुलीच्या दप्तरात तोच काळा चिखल, आणि तो सुकला की सिमेंटसारखा.

फोन करायचा कोणाला? नगरसेवक माजी झालेला. तो आला, बिचारा स्वतः फावडं घेऊन आला, पण म्हणाला माझं कोणी ऐकत नाही दादा, माझ्याकडं पद नाही. एका कार्यालयात गेलो तर पंचनाम्याचा अर्ज दुसऱ्या कार्यालयात मिळेल म्हणाले. दुसऱ्यात म्हणाले पहिल्यातून शिक्का आणा. शेवटी हालचाल झाली ती आमदार, म्हणजे तेव्हाचे उपमुख्यमंत्री, येऊन गेल्यावर. दक्षिण-पश्चिम त्यांचाच मतदारसंघ. लोक त्यांच्यावर चिडलेही, पण चिडायला निदान कोणी समोर होतं.

माझं म्हणणं असं की महापौराला अधिकार नाहीत हे मान्य. तरी चिखलात उभं राहून शिव्या खायला माणूस लागतो. आमदाराचं ते काम नाही, त्याला राज्य आहे, अधिवेशन आहे. त्या चार वर्षांत आमदारच नगरसेवक झाले, आमदारच महापौर झाले, आणि मला नाही वाटत त्यांना ते फार नकोसं होतं.

तर्रीवाला
भाऊ, आमच्याकडं भी पानी घुसलं होतं. तुमचं शेवटचं वाक्य एकदम बरोबर. आमदार निधी आता वर्षाले 5 कोटी. सिमेंट रोड आमदार करते, बेंच आमदार लावते, ओपन जिम आमदार बसवते. मंग नगरसेवकानं काय कराव? हळदीकुंकू?

जुना_महालकर
अंबाझरीकाठी, तुमचं वाचून वाईट वाटलं. मी लेखा विभागाचा माणूस म्हणून त्याची पैशाची बाजू सांगतो, कारण आमदाराचं वजन का वाढलं ते तिथं आहे.

जकात होती तेव्हा रोजचा पैसा रोज नाक्यावरून तिजोरीत यायचा. कोणाकडं हात पसरावा लागत नसे. चोऱ्या होत्या, ट्रकवाल्यांच्या रांगा होत्या, व्यापाऱ्यांचा राग होता, सगळं खरं. पण पैसा आपला होता. 1 एप्रिल 2013 ला नागपुरात जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. 2015 च्या ऑगस्टमध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही गेला. 2017 ला जीएसटी. आता महापालिकेच्या उत्पन्नातला मोठा हिस्सा म्हणजे मुंबईहून दर महिन्याला येणारं अनुदान. मालमत्ता कर आणि पाणीपट्टीची वसुली कशी असते ते आपण सगळे जाणतो, कारण थकबाकीदारही आपणच.

ज्या दिवशी पैसा मुंबईहून यायला लागला त्या दिवसापासून महापौराला आमदाराच्या दारात उभं राहावं लागलं. पूर्वी महत्त्वाकांक्षी नगरसेवक म्हणायचा, महापौर व्हायचंय. नंतर म्हणायला लागला, महापौर करा म्हणजे तिकीट मागता येईल.

मेयर-इन-कौन्सिल परत आणलं तरी तिजोरी मुंबईत असताना ते मंडळ करणार काय? थेट महापौर निवडला तरी तेच. आधी शहराला स्वतःचा कर द्या.

बर्डीची_वकील
काका, इथं तुमच्याशी थोडं भांडते. पैसा नंतर येईल म्हणून अधिकार थांबवले तर पैसा कधीच येणार नाही, कारण मागणाराच नाही. थेट निवडून आलेला महापौर मुंबईत जाऊन टेबलावर हात आपटू शकतो, त्याच्या मागं शहराची मतं असतात. आजचा महापौर पक्षानं बसवलेला, त्यानं हात आपटला तर अडीच वर्षांच्या आत घरी.

जुना_महालकर
मुद्दा बिनतोड आहे ताई. पण टेबल ज्याचं आहे त्यानंच हात आपटायची मुभा द्यायची, असा हा पेच आहे. वर सहा जणांची यादी आहे, सहाही जण त्या टेबलाच्या पलीकडं जाऊन बसले.

धरमपेठी
नासुप्रचा निर्णय मी वर लिहिला, तो याच टेबलाच्या पलीकडून झाला होता हे विसरू नका. पलीकडं बसलेला प्रत्येकजण शहर विसरतो असं नाही.

अंबाझरीकाठी
आणि फिरवला गेला तोही त्याच टेबलावरून. नागपूरच्या आमसभेला दोन्ही वेळा शेवटचा शब्द नव्हता.

पुणेकर_पाहुणा
सगळा धागा एका दमात वाचला. आमच्याकडंही चित्र काही फार वेगळं नाही, फक्त आम्ही ते पाणी नसलं तरी पाट्या लावून सांगतो. एक शेवटचं विचारतो, काका. तुम्ही इतक्या महापौरांच्या नस्त्या हाताळल्या. यादीतल्यांपैकी महापौर म्हणून, आमदार किंवा मंत्री म्हणून नाही, सगळ्यात चांगलं काम कोणाचं?

जुना_महालकर
शेषरावांच्या वेळी मी नोकरीत नव्हतो, त्यामुळं ते बाजूला. बाकीच्यांत एकजण असा होता की अंदाजपत्रकाच्या आदल्या संध्याकाळी लेखा विभागात येऊन खुर्ची ओढून बसायचा आणि शीर्ष विचारायचा, रक्कम नाही. कुठल्या शीर्षातून कुठं वळवलं, का वळवलं, मागच्या वर्षी किती खर्ची पडलं. आम्हाला त्या दिवशी घरी जायला उशीर व्हायचा आणि बायको रागवायची.

नाव सांगत नाही. पेन्शन अजून तिथूनच येते.